कसले पेढे?

आपल्याकडे कुणी हातावर पेढा ठेवला तर तो तोंडात टाकायच्या आधी माणूस काय विचारतो? 'कसले पेढे?' शेंबडं पोरसुद्धा विचारतं. देणारा आपणहून सांगत नाही. समोरच्यानं विचारायचं, मग यानं सांगायचं, मग त्यानं 'अरे वा' म्हणून अर्धा पेढा मोडून देणाऱ्याच्याच तोंडात भरवायचा, अशी रीत आहे. जयरामला या रीतीनं बुडवलं. नाही, चुकलो. रीतीला कशाला बोल लावू, ज्यांनी विचारलं नाही त्यांनी बुडवलं. ते कोण कोण, हे मी नावं घेऊन सांगणार आहे, कारण माझं डोकं अजून शांत झालेलं नाही आणि ते व्हावं अशी माझी इच्छाही नाही.

मी यूसुफ, शिंपी. कुवेतमध्ये वाळवंटाच्या कडेला एक अमेरिकन कॅम्प आहे, त्याच्या आतल्या दुकानांच्या ओळीत माझं शिलाई मशीन आहे. सोल्जरांच्या वर्दीवर नावाच्या पट्ट्या शिवायच्या, पँटी आखूड करायच्या, झेंड्याचे बिल्ले लावायचे. जयराम माझ्या शेजारच्या गाळ्यात न्हावी. मधे नुसता पत्रा. त्याची कात्री चालली की मला ऐकू यायची आणि माझं मशीन थांबलं की तो पलीकडून ओरडायचा, 'झोपलास काय रे?'

आम्ही दापोलीच्या बाजूचे. खाडीच्या अलीकडे त्याचं गाव, पलीकडे माझं. त्याचा बाप होडीतून आमच्या मोहल्ल्यात हजामतीला यायचा. माझ्या अकीक्याला माझं जावळ त्याच्याच बापानं उतरवलं. म्हणजे माझ्या डोक्यावर पहिला वस्तरा फिरवला तो जयरामच्या घरातल्या माणसानं. हे सगळं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मला लोक विचारणार आहेत की तू असल्या माणसाबरोबर कसा राहतोस.

राहतो म्हणजे अब्बासिया नावाच्या वस्तीत एका खोलीत राहायचो. तीन खाटा. एक माझी, एक जयरामची, तिसरी रूपेशची. तवा एकच, पातेली दोन, कारण माझ्या पातेल्यातलं बकऱ्याचं मटण त्याला चालायचं आणि मोठ्याचं चालायचं नाही, आणि त्यात कुणालाही कधी काही वाटलं नाही. मासळी आणली की जयरामच करायचा. तिरफळं घालून असं सार करायचा की खालच्या मजल्यावरचे मल्याळी जिन्यात येऊन उभे राहायचे. कधी चिडायचा नाही. मी दोघांच्या वाटचा चिडायचो. आमची वाटणीच तशी झाली होती.

रूपेश आमच्याहून पुष्कळ लहान. तोही न्हावी, जयरामच्याच तालुक्यातला. जयरामनंच त्याला कंपनीत चिकटवला, दुसऱ्या खुर्चीवर बसवला, हाताला धरून शिकवला. पोरगा हुशार, पण डोळे चोवीस तास मोबाईलमध्ये. अमेरिकेची निवडणूक आली आणि याच्या अंगात आलं. कुठल्या राज्यात कोण पुढे, कोण कुणाला काय म्हणाला, सगळं तोंडपाठ. लाल टोपी घालून खोलीत बसायचा. मला म्हणायचा, 'यूसुफभाई, तुम्हाला कळत नाही. आता देश पुढे जाणार.'

एकदा मी विचारलं, 'कुठला देश रे?'

'तिकडचा पण आणि आपला पण.'

मी कात्री खाली ठेवली. म्हटलं, 'ऐक. या कुवेतमध्ये तू इतकी वर्षं राहिलास, इथे तुला मत नाही. अमेरिकेच्या कॅम्पात काम करतोस, अमेरिकेत पाय ठेवला नाहीस, तिथे तुला मत नाही. आपल्या देशात तुझं मत आहे, पण मतदानाच्या दिवशी तू इथे दाढ्या करत होतास. तीन देश आणि एकातही तुझं बोट शाईला लागलेलं नाही. आणि देश पुढे नेतोय म्हणे. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.'

जयराम हसला. रूपेश नाही हसला. म्हणाला, 'तुमचं वेगळं आहे, भाई. तुम्हाला आमचं नाही समजणार.'

'आमचं' आणि 'तुमचं'. एका तव्यावरच्या भाकऱ्या खाणारा माणूस मला हे ऐकवतो. तेव्हाच त्याच्या कानाखाली वाजवायला हवी होती, पण जयरामनं माझा हात दाबला.

आता सार्जंट टर्नरबद्दल सांगतो. काळा अमेरिकन, दाराच्या चौकटीएवढा उंच. कॅम्पातल्या सलूनमध्ये आधी असं व्हायचं की काळा सोल्जर खुर्चीत बसला की आमचे न्हावी एकमेकांकडे बघायचे आणि एकजण म्हणायचा, 'सॉरी सर, मशीन खराब आहे.' त्यांचे केस आपल्याला जमत नाहीत, हे खरं. पण नुसतं तेवढंच नव्हतं. त्यांची पाठ फिरली की हे लोक काय शब्द वापरायचे ते मी इथे लिहिणार नाही. स्वतः तव्याच्या बुडासारखे काळे, आणि बोलायचं दुसऱ्याच्या रंगाबद्दल. रूपेशही त्यातलाच. उन्हात दोन तास उभा केला तर अंधारात सापडायचा नाही.

जयरामनं मात्र टर्नरला सरळ सांगितलं, 'सर, आय डोन्ट नो. यू टीच.' आणि त्या दांडगट माणसानं आरसा हातात धरून, खुर्चीत बसून त्याला शिकवलं. मशीन कुठून उचलायचं, कानामागे केस कसे विरत न्यायचे, कपाळावरची रेघ कशी धरायची. जयराम शिकला. मग कॅम्पातले सगळे काळे सोल्जर त्याच्या खुर्चीसाठी ओळ लावायचे. टर्नर सुट्टीवर गेला तेव्हा येताना त्यानं जयरामसाठी एक मशीन आणलं, खास त्या केसांचं. जयराम ते मखमलीत गुंडाळून ठेवायचा. मी म्हणायचो, 'देव्हाऱ्यात ठेव आता.' असं त्या दोघांचं होतं.

जयरामची एकुलती मुलगी रूपाली, चिपळूणला दिलेली. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नव्हतं. दोनदा राहिलं आणि गेलं. गंगूबाई, जयरामची बायको, हिनं कुठलं दैवत सोडलं नाही. आमच्या गावच्या पीरबाबालाही चादर चढवून आली. नोव्हेंबरात मंगळवारी दुपारी फोन आला. मुलगी झाली. दोघी सुखरूप. जयरामनं फोन ठेवला आणि पत्र्याच्या या बाजूला येऊन माझ्या स्टुलावर बसला.  मग म्हणाला, 'यूसुफ, मी आजा झालो रे.' आणि त्यानं मी शिवायला घेतलेल्या पँटीनं डोळे पुसले. सोल्जराची पँट ती. 

संध्याकाळी आम्ही दोघं अब्बासियातल्या मिठाईच्या दुकानात गेलो. मी चेष्टेनं म्हटलं, 'मुलगी झालीय. रीत बर्फीची आहे. पेढे मुलाला.'

'ती रीत खड्ड्यात गेली,' जयराम म्हणाला. त्याच्या तोंडून असला शब्द मी पहिल्यांदा ऐकला. 'माझ्या नातीला कमी का? पेढेच घेणार. चांगले, केशराचे.' आणि मोठा खोका बांधून घेतला.

सकाळी कंपनीच्या बसमध्ये मी त्याच्याकडून वाक्य पाठ करून घेतलं. कुणी विचारलं की म्हणायचं, 'माय डॉटर हॅज डॉटर.' सगळा रस्ता तो ते घोकत होता. पुढचे बांगलादेशी वळून बघत होते, त्यांनाही सांगितलं, त्यांनीही खाल्ले. त्या सगळ्यांनी विचारलं होतं, हं. ड्रायव्हर नेपाळी, त्यानंही विचारलं. सगळ्यांनी विचारलं, कॅम्पाच्या दारापर्यंत.

आत गेल्यावर कुणी विचारलं नाही.

खोका पावडरच्या डब्याशेजारी उघडा ठेवला होता. जो येईल त्याच्या हातावर जयराम पेढा ठेवायचा, दोन्ही हातांनी, आणि वाट बघत उभा राहायचा. मी पत्र्याच्या भोकातून बघत होतो. सोल्जर पेढा घ्यायचे, वास घ्यायचे, खायचे, 'थँक्स मॅन' म्हणायचे आणि मोबाईलमध्ये डोकं घालायचे. मतमोजणी चालली होती ना त्यांच्याकडे. जयराम ओठांवर वाक्य घेऊन उभाच. टर्नर सकाळीच आला. त्यानं दोन खाल्ले. पण त्याचंही लक्ष नव्हतं. चेहरा ओढलेला, रात्रभर जागा असावा. केस झाले, जयरामच्या खांद्यावर हात ठेवून गेला. मी नंतर म्हटलं, 'अरे, तूच सांग की.' तर म्हणाला, 'असं कसं? विचारल्याशिवाय आपणच आपलं कौतुक सांगायचं?'

दुपारी निकाल लागला. कोण जिंकलं ते तुम्हाला माहीत आहे, मी नाव घेत बसत नाही. तीन-चार गोरी पोरं उड्या मारत सलूनमध्ये आली. वर्दीत असताना राजकारण बोलू नये असा त्यांना हुकूम असतो, म्हणून बाहेर गप्प राहून इथे दंगा करायला आले. जयरामनं रीतीप्रमाणे त्यांच्यापुढे खोका धरला. त्यांनी पेढे उचलले, हवेत धरले, एकानं जयरामच्या गळ्यात हात टाकला आणि ओरडला, 'हा माणूस आपला आहे. यालाही कळतं.' जयराम हसत होता. त्याला वाटलं, कुणीतरी पहिल्यांदा आनंदानं खातंय.

आणि रूपेशनं हे सगळं मोबाईलवर घेतलं. त्या पोरांना पाठवलं, कारण याला त्यांच्यात मिरवायचं होतं. आपल्या कोकणवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकलं, वर लिहिलं, 'अमेरिकन कॅम्पात जयरामकाकांचे विजयाचे पेढे.' रूपेशला नातीचं माहीत नव्हतं असं म्हणू नका. मंगळवारी रात्री जेवताना पहिला पेढा जयरामनं त्याच्याच हातावर ठेवला होता, आणि त्यानं विचारलंही होतं, कसले पेढे.

शनिवारी गेटवर जयरामचा पास घेतला. आमचे पास निराळ्या रंगाचे, आमची ओळ निराळी, आमची झडती निराळी, हे आम्ही कधीच गिळलंय. पण पास घेतला म्हणजे माणूस संपला. पास नाही तर काम नाही, काम नाही तर कंपनी इकामा रद्द करते, इकामा नाही तर या देशात राहायचा हक्क नाही. मागून कळलं की तक्रार टर्नरनं केली. कुणीतरी तो व्हिडिओ त्याला दाखवला. सलूनमध्ये कामगार राजकारण करतात, असं त्यानं वर कळवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्या उड्या मारणाऱ्या पोरांना कुणी हात लावला नाही. ते त्या देशाचे नागरिक, त्यांना फार तर कान धरून सोडून दिलं असेल.

दुसऱ्या दिवशी अर्दियात कंपनीच्या ऑफिसात बोलावलं. मी हट्टानं बरोबर गेलो. तिथे सुमेधा मॅडम, आमच्या माणसांचं सगळं बघणाऱ्या. पुण्याच्या. जयरामला धीर आला. 'आपली मराठी बाई आहे,' म्हणाला, 'समजून घेईल.' मॅडमच्या मागे भिंतीवर मोठं पोस्टर होतं, निरनिराळ्या रंगांचे हात एकमेकांत गुंफलेले. दरवर्षी त्या आम्हाला एका खोलीत बसवून भाषण देतात, सगळे समान, बाई समान, पुरुष समान, रंग समान.

जयरामनं सगळं सांगितलं. मुलगी, नात, पेढे. मॅडम ऐकत होत्या. मग म्हणाल्या, 'जयरामजी, पण मुलगी झाली तर बर्फी वाटतात ना आपल्यात?'



'वाटतात,' जयराम म्हणाला.

'मग? मी इथे एकटीच मराठी. साहेब मला विचारणार, यांच्यात काय पद्धत आहे. मी काय सांगू? पेढे मुलासाठी असतात, नाहीतर निवडणुकीत कुणी जिंकलं तर.'

मला राहवेना. म्हटलं, 'मॅडम, पेढे मंगळवारी संध्याकाळी घेतले, मी बरोबर होतो. तेव्हा तिकडे मतदान चालू होतं. कोण जिंकणार हे काय जयरामला स्वप्नात दिसलं?'

'आधीच आणून ठेवले असतील. लोक ठेवतात.' माझ्याकडे न बघता म्हणाल्या. 'आणि रूपेशला विचारलं मी. तो म्हणतो, काकांनी कशासाठी वाटले त्याला ठाऊक नाही.'

अल्लाची शपथ, त्या क्षणी रूपेश समोर असता तर मी जेलमध्ये असतो.

जयराम शांतपणे म्हणाला, 'मॅडम, बर्फी का? माझ्या नातीला पेढे का नाहीत?'

त्या बाईच्या डोळ्यांत काहीतरी हललं, हे मी पाहिलं. तिला खरं कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही, उलट म्हणूनच माझा संताप जास्त आहे. पण कंपनीचं कंत्राट नव्यानं व्हायचं होतं आणि वर लवकर उत्तर हवं होतं. तिनं खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. 'हे बघा, एक मार्ग आहे. साहेबांना फोन लावते. तुम्ही एवढंच म्हणा की भावनेच्या भरात निवडणुकीचे पेढे वाटले, चूक झाली, माफ करा. प्रकरण मिटेल. कॅम्पात परत जाता येणार नाही, पण शहरातल्या आपल्या सलूनमध्ये मी तुम्हाला लावते. इकामा राहील. नाही म्हणालात तर चौकशी लांबणार, आणि कंपनी ते होऊ देणार नाही. मग तिकीट.'

खरं सांगतो, मी जयरामच्या मांडीला चिमटा काढला. म्हटलं, म्हण. काय जातंय? माझ्यासारखा तापट माणूस म्हणतोय, म्हण. या वयात गावाला जाऊन कोण काम देणार? रूपालीच्या दवाखान्यापायी गावाकडे काहीच साठलेलं नाही, मला माहीत होतं.

जयराम बराच वेळ त्या पोस्टरवरच्या हातांकडे बघत होता. मग म्हणाला, 'मॅडम, उद्या ती मोठी होईल. विचारेल, आजोबा, माझ्या जन्माचे पेढे वाटले होते का? तेव्हा काय सांगू? वाटले होते, पण नंतर दुसऱ्याच्या नावावर केले?' आणि उठला. 'ते पेढे माझ्या नातीचे आहेत. तिकीट काढा.'

त्या माणसाला आयुष्यात मी कुणाला 'नाही' म्हणताना पाहिलं नव्हतं. पैसे न देता जाणाऱ्या गिऱ्हाइकाला तो 'या परत' म्हणायचा.

खोलीवर आलो तर रूपेश डाळीला फोडणी देत होता. मी त्याच्या हातातला चमचा काढून घेतला आणि गॅस बंद केला. म्हटलं, 'आत्ता फोन लाव मॅडमना. सांग, नातीचे पेढे होते, व्हिडिओवर खोटं मी लिहिलं.'

'माझाही पास जाईल ना, भाई.'

'जाऊ दे.'

'माझं लग्न ठरलंय.'

'ज्याच्या जिवावर ठरलं त्याचा गळा कापून लग्न करणार तू?'

तो जयरामकडे वळला. 'काका, मी मुद्दाम नाही केलं. मला वाटलं, तुमचं नाव होईल. बघा, ग्रुपवर सगळे तुम्हाला मानतात.' आणि मोबाईल पुढे केला. खरंच, रांगेनं हात जोडलेले, झेंडे, 'काका वाघ आहेत.' दापोलीच्या कुठल्याशा पुढाऱ्यानं लिहिलं होतं, परत आल्यावर यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू. ज्या माणसाची भाकरी गेली त्याचा सत्कार.

जयराम मोबाईल न घेता म्हणाला, 'डाळ निवेल. गॅस लाव.'

आणि आमच्याकडच्यांची गंमत ऐका. त्याच दिवशी माझ्या भावाचा, मुझफ्फरचा, गावाहून फोन. 'तुझा जोडीदार तिकडे पेढे वाटतो म्हणे. आणि तू त्याच्याबरोबर एका खोलीत? मोहल्ल्यात तोंड दाखवायला जागा नाही राहिली.' मी म्हटलं, 'अरे, नात झाली त्याला.' तर म्हणतो, 'राहू दे, व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय.' म्हणजे त्या बाजूला खोटं हवं होतं सत्कारासाठी, या बाजूला तेच खोटं हवं होतं शिव्यांसाठी. खाडीच्या दोन्ही काठांवर एकच खोटं, आणि दोघंही खूश. खरं कुणालाच नको होतं. त्यात एक बिनदाताची तान्ही पोर, तिच्यावर कोण भांडणार? मी मुझफ्फरला विचारलं, 'तुझं जावळ कुणी काढलं होतं रे?' त्यानं फोन ठेवला.

गंगूबाईचाही फोन आला होता. ती बिचारी एवढंच म्हणाली, 'यूसुफभावोजी, आमच्या पोरीचे पेढे, त्यावर नाव भलत्याचं का हो?' 

जयराम गेला. विमानतळावर त्यानं ते मखमलीत गुंडाळलेलं मशीन माझ्या हातात दिलं. म्हणाला, 'टर्नरसाहेबांना परत दे. त्यांना वाटेल, फसवून घेतलं.' मी म्हटलं, 'त्याच्या तोंडावर फेकीन.' म्हणाला, 'फेकू नकोस. नाजूक आहे.'

मशीन माझ्या खणात पडून राहिलं. पहिल्या खुर्चीवर रूपेश बसला. पत्र्यापलीकडून आता कात्रीपेक्षा मोबाईलचाच आवाज जास्त येतो. आम्ही बोलत नाही. मी खोली बदलली.

दोन आठवड्यांनी टर्नर माझ्या दुकानात आला. हातात नवी टोपी आणि वरच्या हुद्द्याची पट्टी, शिवायला. दुसऱ्या हातात डोनटचा खोका. डोक्यावरची जुनी टोपी त्यानं काढली तेव्हा मी पाहिलं, मानेवर केस वाढलेले, कडा सगळ्या वाकड्या. स्वतःच काहीतरी करून घेतलं असावं. त्यानं खोका माझ्यापुढे धरला. 'घे, भावा.'

मी हात पुढे केला नाही. विचारलं, 'कशाबद्दल, सर?'

तो हसला, पट्टीकडे बोट केलं. 'प्रमोशन.'

'अभिनंदन,' मी म्हणालो आणि एक डोनट उचललं. गोडाला आपल्यात नाही म्हणत नाहीत. मग माझं मोडकंतोडकं इंग्रजी जेवढं आहे तेवढं सगळं गोळा केलं. म्हटलं, 'सर, आमच्याकडे कुणी गोड दिलं की आधी विचारतात, कशाबद्दल. मी आत्ता तुम्हाला विचारलं. तुम्ही जयरामला विचारलं नाही. दोन खाल्लेत, पण विचारलं नाही. त्याच्या मुलीला मुलगी झाली होती. किती वर्षांनी. आदल्या दिवशी. तेव्हा तुमची मतंसुद्धा मोजलेली नव्हती. तो सकाळपासून वाट बघत होता की तुमच्यापैकी एक तरी माणूस विचारेल.'

 मी खणातून मशीन काढलं, मखमलीसकट त्याच्यासमोर ठेवलं. फेकलं नाही. 'परत दिलंय त्यानं.'

'कुठे आहे तो?'

'त्याच्या गावी. तुमच्या तक्रारीनं गेला.'

'मला वाटलं,' तो म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, 'त्या दिवशी मला सगळे तसेच वाटत होते. सगळे.'  त्याच्या देशात त्याला कसली धास्ती होती, ते मला कळत नव्हतं असं नाही. आयुष्यभर चामडीवरून तोललेला माणूस तो. पण म्हणूनच तर माझा राग जास्त होता. ज्याला बघताक्षणी लोक काहीही ठरवतात, त्यानं तरी ठरवायच्या आधी विचारायचं होतं.

मी म्हटलं, 'फोन लावतो. आता त्यालाच विचारा.' आणि लावला. रिंग वाजायला लागली. टर्नर त्या फोनकडे बघत राहिला, मग मान हलवली, मशीन उचललं आणि टोपी तिथेच ठेवून निघून गेला. खोकाही तसाच राहिला.

पलीकडून जयरामचा आवाज आला. मागे तान्ही रडत होती. 'बोल रे यूसुफ. बारसं झालं काल. गंगूनं सगळ्या गावाला पेढे वाटले.'

'टर्नर आला होता,' मी म्हणालो. 'विचारलं नाही त्यानं. मीच सांगितलं.'

 पोरीला थोपटल्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, 'आणि त्यांचे केस रे? आता कोण कापतं?'

पत्र्यापलीकडे कुणीतरी काळा सोल्जर आला होता, आणि रूपेश त्याला काय सांगतोय ते मला स्पष्ट ऐकू येत होतं.

'मशीन खराब आहे,' मी जयरामला म्हणालो आणि फोन ठेवला.